स्वस्तातला व्हीपीएस घेताना: हिस्सा किती, पाणी किती

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, विहिरीत चार आणे हिस्सा असं लिहिलेलं आहे. कागद चोख आहे. पण एप्रिल महिन्यात भावकीच्या तिन्ही मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या पाइपातून फक्त हवा येते. '४ कोअर, ८ जीबी रॅम, अमर्याद बँडविड्थ, महिना फक्त ३०० रुपये' अशी जाहिरात दिसली की मला ती विहीर आठवते.

व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे साइट वगैरे चालवायला भाड्यानं मिळणारा, डेटा सेंटरमधल्या एका दणकट यंत्रातला हिस्सा. सॉफ्टवेअरच्या जोरावर त्या एका यंत्राचे वीस-पंचवीस, कधी शंभर सर्व्हर केलेले असतात. विकणारा जवळ आहे त्यापेक्षा जास्त विकतो आणि ही काही लबाडी नव्हे. सगळे गिऱ्हाईक एकाच क्षणी पूर्ण क्षमता वापरत नाहीत, या हिशेबावरच हा धंदा चालतो आणि म्हणून तो स्वस्त पडतो. आपल्याला शोधायचं ते इतकंच, की जाहिरातीतली कोणती गोष्ट आपली एकट्याची आहे आणि कोणती पाळीनं मिळणार आहे.

आधी आपली तहान मोजा

ऑफर बघण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: काय चालवायचं आहे, रोज किती लोक येतात, ते कुठून येतात आणि सर्व्हर दोन तास बंद पडला तर नुकसान किती. एखाद्या क्लासची किंवा दुकानाची वर्डप्रेसवरची साइट १ ते २ जीबी रॅममध्ये आरामात चालते. बहुतेक लोक गरजेच्या चौपट आकड्यांवर भाळतात आणि नेमका तिथेच स्वस्त विक्रेता त्यांना गाठतो.

नावावर जाऊ नका, तंत्र विचारा

व्हीपीएस, व्हीडीएस, व्हर्च्युअल डेडिकेटेड, क्लाउड सर्व्हर या नावांची सगळ्यांना मान्य अशी व्याख्या नाही. काही कंपन्या खरोखर राखीव कोअर दिले तरच व्हीडीएस म्हणतात. काहींकडे व्हीपीएस आणि व्हीडीएस हे शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा: एका यंत्राचे अनेक सर्व्हर करणारं खालचं तंत्र केव्हीएम आहे की ओपनव्हीझेड?

केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचाच, भाग आहे. त्यात तुम्हाला स्वतःचं कर्नल मिळतं, हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते, डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवण्याचं साधन) चालतं. ओपनव्हीझेडमध्ये सगळे भाडेकरू मालकाचं एकच कर्नल वापरतात. घरं वेगळी, पण पाया एकच. त्याची जुनी सहावी आवृत्ती २.६.३२ या कर्नलवर चालते आणि त्यावर डॉकर बसवायला गेलात तर रात्र वाया जाते. असे सर्व्हर अजूनही कुठे कुठे मिळतात. साध्या साइटला किंवा प्रयोगाला ते वाईट नाहीत, पण त्यांची किंमत त्याच हिशेबाची हवी.

विकत घेतल्यावर 'सिस्टीमडी-डिटेक्ट-व्हर्ट' (systemd-detect-virt) ही एक आज्ञा दिली की आत काय आहे ते दिसतं. केव्हीएम म्हणून विकलेल्या सर्व्हरवर दुसरं काही निघालं, तर पैसे परत मागायला तेवढा पुरावा पुरेसा.

ऑपरेटिंग सिस्टीमची यादीही बघून घ्या. सेंटओएस ७ या लिनक्सच्या जुन्या प्रकाराला दुरुस्त्या मिळण्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली. यादीत अजून तीच सगळ्यात वर असेल आणि डेबियन, उबुंटूच्या नव्या आवृत्त्या नसतील, तर त्या दुकानात बरेच दिवस कुणी झाडू मारलेला नाही असं समजा.

कोअर म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त फसवणूक, खरं तर सगळ्यात जास्त गैरसमज, इथेच होतो. जाहिरातीतला व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) हा बहुधा आख्खा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक पूर्ण भाग, नसतो. आजच्या बहुतेक सर्व्हर प्रोसेसरमध्ये एका कोअरवर दोन थ्रेड (कामाच्या दोन रांगा) चालतात आणि एक व्हीसीपीयू म्हणजे त्यातला एक थ्रेड. तोही तुमच्या एकट्याचा असेलच असं नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारा. कोअर राखीव आहे की सामाईक? सामाईक असेल तर सतत किती टक्के वापरायची मुभा आहे? आणि प्रोसेसरचं मॉडेल कोणतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वापराच्या अटींमध्ये लपलेलं असतं. 'दीर्घकाळ जास्त वापर केल्यास सेवा मर्यादित करू' एवढंच मोघम वाक्य असेल तर आकडा मागा. मोठ्या कंपन्याही वाटणी करतात, फरक एवढाच की त्या लिहून देतात. ॲमेझॉनच्या टी३ मायक्रो या भाड्याच्या छोट्या सर्व्हरला दोन व्हीसीपीयू असतात, पण प्रत्येकाचा कायमचा हक्क १० टक्केच. बाकीचा वेग शिल्लक क्रेडिटवर. चार आणे हिस्सा लिहून दिला असेल तर त्याप्रमाणे पीक घेता येतं. न लिहिता सोळा आणे भासवलं, की भांडण ठरलेलं.

मॉडेलचा प्रश्न यासाठी, की इंटेलच्या दहा वर्षांपूर्वीच्या झिऑन प्रोसेसरचे चार कोअर आणि एएमडीच्या आजच्या एपिकचे दोन यांत पुष्कळदा दोनच सरस ठरतात. स्वस्त ऑफरमागे बरेचदा कुणीतरी मोडीत काढलेली जुनी यंत्रं असतात. त्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं.

रॅम आणि डिस्क

रॅमबद्दल एकच लक्षात ठेवा: 'बर्स्ट' (शिल्लक असेल तेव्हाच तात्पुरती मिळणारी) हा शब्द दिसला की तो आकडा खोडून टाका. खात्रीची रॅम तेवढी आपली.

डिस्कमध्ये जागेपेक्षा वेग महत्त्वाचा. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे फुटकळ वाचन-लेखनं करू शकते, साटा एसएसडी हजारोंनी करते आणि एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पट. वर्डप्रेसचा डेटाबेस अशी बारीक बारीक कामंच करत असतो. पण ती एनव्हीएमई पन्नास जणांत वाटली असेल आणि प्रत्येकाला मर्यादा घातली असेल, तर नाव मोठं लक्षण खोटं. मर्यादा किती आयओपीएसची, म्हणजे सेकंदाला किती वाचन-लेखनांची, हे विचारायला लाजू नका.

'अमर्याद' चा गुणाकार

अमर्याद बँडविड्थ ही जगात कुठेच नसते, पोर्टच (सर्व्हरला नेटवर्कशी जोडणारी नळीच) मर्यादा घालतो. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) पोर्ट तीस दिवस एका दिशेनं पूर्ण भरून वाहिला तर सुमारे ३२.४ टीबी डेटा जातो. १ जीबीपीएसला ३२४ टीबी. म्हणजे 'अमर्याद' आणि खाली बारीक अक्षरात १० एमबीपीएस असेल, तर तुम्हाला मिळाले सव्वातीन टीबी, तेही मुंगीच्या पावलानं. दिवसाला हजार लोक, प्रत्येकी तीन पानं, पान दोन एमबीचं, असा हिशेब केला तरी महिन्याला १८० जीबीच होतात. तेव्हा २ टीबी स्पष्ट लिहून देणारा विक्रेता अमर्यादवाल्यापेक्षा केव्हाही बरा. हद्द ओलांडल्यावर वेग कमी होणार, बिल वाढणार की सर्व्हर बंद होणार, हेही विचारून ठेवा.

ठिकाणाचा प्रश्न याहून मोठा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. प्रत्यक्षात केबल वळणावळणानं जातात म्हणून जर्मनीतल्या स्वस्त सर्व्हरला इथून बरेचदा १२० ते १५० लागतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दोनशेच्या वर. बॅकअप ठेवायला किंवा रात्रीची कामं चालवायला हे चालतं. कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर ऑर्डर टाकायची असेल तर मुंबईतला सर्व्हर घ्या, थोडा महाग पडला तरी.

पण पत्ता मुंबईचा म्हणून वाट सरळ असेलच असंही नाही. विक्रेत्याकडे चाचणीसाठी आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) मागा आणि घरच्या ब्रॉडबँडवरून, मग जिओ आणि एअरटेलच्या मोबाइल डेटावरून ट्रेसराउट करून, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी आज्ञा देऊन, बघा. पुण्याहून नवी मुंबईला जाणारं डेटाचं पॅकेट सिंगापूरचं दर्शन घेऊन येताना मी पाहिलं आहे. हे रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान करा. सगळा महाराष्ट्र तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलेला असतो.

आयपी आणि मेल

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे पत्ता हीच आता भाड्याची वस्तू आहे. ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ साठी तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या पुढे. त्याहून कमी भावात आख्खा सर्व्हर मिळत असेल तर पत्ता स्वतंत्र आहे का ते तपासा. बरेचदा तो नॅटमागे (अनेकांत मिळून एकच पत्ता) असतो किंवा नुसता आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा, असतो. मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूनं बदनाम केलेला आहे का, हे स्पॅमहाउस या संस्थेच्या स्पॅमवाल्या पत्त्यांच्या यादीत लगेच बघा. मेल पाठवायचे असतील तर २५ क्रमांकाचा पोर्ट (इथे अर्थ मेल बाहेर जाण्याचं दार) उघडा आहे का, तेही आधीच विचारा. पुष्कळ ठिकाणी तो बंद असतो.

खरी किंमत काढा

जाहिरातीतला भाव पहिल्या बिलापुरता असतो. नूतनीकरणाचा भाव वेगळा विचारा. त्यावर १८ टक्के जीएसटी. परदेशी कंपनी असेल तर कार्डाचं परकीय चलन शुल्क, जे बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. सीपॅनेल (सर्व्हर माउसनं सांभाळायचं सॉफ्टवेअर) हवं असेल तर त्याचा परवाना स्वस्त सर्व्हरपेक्षा महाग पडू शकतो. व्हर्च्युअलमिन किंवा हेस्टिया फुकट आहेत आणि बहुतेकांना पुरतात. 'अनमॅनेज्ड' लिहिलं असेल तर अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्या अंगावर. ते दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर त्याचे पैसेही याच बेरजेत धरा.

आपल्याकडची एक अडचण परदेशी विक्रेत्यांना ठाऊकही नसते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे) नियम लागू झाले आणि ते न पाळणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या कार्डावरून दरमहा आपोआप पैसे ओढता येत नाहीत. कार्ड जोडलं म्हणजे झालं, असं समजून बसलेल्यांचे सर्व्हर बंद पडतात आणि काही दिवसांनी डेटाही पुसला जातो. विक्रेत्याकडच्या वॉलेटमध्ये दोन-तीन महिन्यांचे पैसे आधीच भरून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

भारतातला विक्रेता ओळखपत्र मागेल. सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क यांची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. भारतात बसून काहीच न विचारणारा विक्रेता सोयीचा वाटतो, पण जो हा नियम पाळत नाही तो आणखी कोणता पाळत नसेल, याचा विचार करा.

दुकान किती दिवसांचं आहे

मी एकदा वर्षभराचे पैसे एकरकमी भरून फार स्वस्त सर्व्हर घेतला होता. पाचव्या महिन्यात मदतीसाठी टाकलेल्या तिकिटांना उत्तरं येईनात, सातव्या महिन्यात वेबसाइटच गायब. रक्कम लहान होती म्हणून तक्रारीच्या भानगडीत पडलो नाही, आणि असल्या विक्रेत्यांची सगळी मदार नेमकी याच आळसावर असते.

तेव्हापासून विक्रेत्यानं डोमेन कधी नोंदवलं ते हूइज या डोमेनच्या नोंदवहीत बघतो. पहिल्यांदा फक्त महिन्याचेच पैसे भरतो, वार्षिक सवलत कितीही गोड असो. घेण्याआधी एक तांत्रिक प्रश्न तिकिटावर विचारतो, शक्यतो शनिवारी रात्री. उत्तर किती वेळात आलं यापेक्षा प्रश्न वाचून दिलं का, हे बघायचं.

अपटाइमच्या, म्हणजे सर्व्हर चालू राहण्याच्या, हमीवर फार विसंबू नका. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद, ९९ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. हमी मोडली तरी भरपाई मिळते ती भाड्याच्या काही टक्क्यांची. ३०० रुपयांच्या सर्व्हरवर ती चहा-भजीइतकी. बॅकअप मात्र दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांच्यातल्या काहींच्या हाती काहीच उरलं नाही.

घेतल्यावरचा आठवडा

लगेच खरी साइट हलवू नका. 'टॉप' (top) ही आज्ञा देऊन वरच्या ओळीतला 'एसटी' (st) चा आकडा बघा. तुमचा प्रोसेसर तुम्हाला हवा असताना किती टक्के वेळ पाळी आली नाही, ते हा आकडा सांगतो. एक-दोन चालेल. दिवसातून अनेकदा दहाच्या वर जात असेल तर विहिरीवर मोटारी फार झाल्या. सकाळी, दुपारी आणि रात्री अशा नोंदी करा, एका नोंदीवर मत बनवू नका.

डिस्कसाठी 'एफआयओ' (fio) नं चार केबीचं रँडम वाचन-लेखन तपासा. नुसती 'डीडी' (dd) ही आज्ञा वापरली तर बरेचदा रॅममधल्या कॅशचाच वेग दिसतो आणि माणूस उगाच खूश होतो. नेटवर्कसाठी 'आयपर्फ ३' (iperf3) आहे. या चाचण्या थोडा वेळच चालवा. तासन्‌तास लावून ठेवल्यात तर शेजाऱ्यांच्या पाइपात हवा तुम्हीच सोडाल आणि अटींचा भंगही होईल.

मग साइटची प्रत तिथे चढवा, आठवडाभर दर पाच मिनिटांनी तपासणारी एखादी फुकट सेवा जोडा आणि बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभा करून बघा. पैसे परत मिळण्याची मुदत सात दिवसांची असेल तर पाचव्या दिवशी निर्णय घ्या. परतावा बँकेत येणार की त्यांच्याच वॉलेटमध्ये, हे तिकिटावर लिहून घ्या. सोडायचं ठरलं तर आधी डिस्क पुसा, मग रद्द करण्याची विनंती टाका आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.