मार्चएंडचा माल

दिग्रसला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर सहा वर्षं काढली. शेअर घ्यायला लागलो तेव्हा वाटलं, हा धंदा तर आपल्या हाताखालचा. पहिलाच शेअर घेतला तो क्लच प्लेट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा. नफा दरवर्षी वाढता. माझे पैसे मात्र निम्मे झाले.

कारण दुकानातच दिसत होतं, मला जोडता आलं नाही. मार्च आला की सेल्समन हजर: टार्गेट राहिलंय, दहा खोके ठेवून घ्या, पैसे दिवाळीला द्या. मालक घ्यायचे. कंपनीच्या वहीत विक्री झाली, नफा धरला गेला. माल आमच्या माळ्यावर. आणि आमचं गिऱ्हाईक कापूस विकल्याशिवाय पैसे देत नाही, मग मालक तरी दिवाळीला कुठून देणार?

म्हणून वार्षिक अहवाल उघडला की नफ्याकडे लगेच धावू नका. ताळेबंदात येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे अजून हाती न आलेले पैसे, बघा. समजा विक्री 90 कोटींची 100 झाली आणि येणी 20 कोटींची 30. येण्यांना विक्रीने भागून 365 ने गुणा: 81 दिवसांची उधारी 110 दिवसांवर गेली. म्हणजे वाढलेली दहा कोटींची विक्री जवळजवळ सगळी उधारीवरच! मग रोकड प्रवाहाचं पान काढा. धंद्यातून हाती आलेली रोकड तीन-चार वर्षं नफ्यापेक्षा कमीच असेल, तर मी तो अहवाल मिटतो.

विक्री कोणाला होते हेही बघा. गाडीच्या कारखान्याला जाणारा माल नव्या गाड्यांच्या खपावर चालतो, दुकानातला जुन्या गाड्यांवर. 2020 ला बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जवळपास गेला. आमच्याकडे त्याचे किट अजून जातात. इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन, ऑइल फिल्टर नकोत, पण ब्रेक आणि शॉकअप लागतातच.

ब्रँडचा अंदाज अहवालात मिळत नाही. चार मिस्त्र्यांना विचारा. आमचा एक म्हणतो, "गिऱ्हाइकाले ब्रँड नाही, गाडी चालू पायजे. डबा मीच निवडतो."

22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्के जीएसटीतले सुटे भाग 18 वर आले. बिनबिलाच्या मालाचा फायदा तेवढा घटला, चांगल्या कंपन्यांना हे बरंच. काउंटरवर मात्र "बिल राहू द्या भाऊ" म्हणणारे अजून रोज येतात.