इंग्रजी वाक्यातलं ॲडव्हर्ब कसं ओळखायचं

परीक्षेत एका शब्दाखाली रेघ असते आणि पार्ट ऑफ स्पीच, म्हणजे शब्दाची जात, विचारलेला असतो. नुसता तो शब्द बघून उत्तर लिहू नका. आधी क्रियापद शोधा. मग त्याला कसं, कधी, कुठं, किती वेळा असं विचारा. रेघ मारलेला शब्द उत्तरात आला की ते ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण. 'द गोदावरी फ्लोज स्लोली निअर नांदेड.' कशी वाहते? स्लोली. शब्द नामाबद्दल सांगत असेल तर ॲडजेक्टिव्ह, म्हणजे विशेषण.

शेवटी 'एल-वाय' दिसलं की पोरं डोळे झाकून ॲडव्हर्ब लिहितात आणि इथंच मार्क जातात. हे शेपूट काढून बघा. स्लो, क्विक असं विशेषण उरलं तर ॲडव्हर्ब. फ्रेंड, कॉस्ट असं नाम उरलं तर बहुधा ॲडजेक्टिव्ह; 'अ कॉस्टली पैठणी' घ्या. वीकली मात्र दोन्हीकडं चालतो: 'अ वीकली मार्केट'मध्ये ॲडजेक्टिव्ह, 'द मार्केट इज हेल्ड वीकली'मध्ये ॲडव्हर्ब.

खरी अडचण मराठीमुळं होते, आणि ती वर्गात सांगायलाच हवी. 'ती चांगली गाते' यात चांगली हा शब्द गाण्याची रीत सांगतो, पण विशेषणासारखा लिंगाप्रमाणं बदलतो. म्हणून पोरगी 'शी सिंग्स गुड' लिहून मोकळी होते. पाहिजे 'वेल'. उलट 'द मँगो टेस्ट्स स्वीट' बरोबर आहे, कारण गोडी आंब्याची आहे. इथं स्वीटली लिहिलं तर चूक. 'टेस्ट्स'सारख्या क्रियापदाबद्दल शंका आली तर त्याच्या जागी 'इज' घाला. 'द मँगो इज स्वीट' जमलं, म्हणजे ॲडजेक्टिव्ह.

'व्हेरी हॉट'मधला व्हेरी हॉटला चिकटून असतो म्हणून पोरं त्यालाही ॲडजेक्टिव्ह म्हणतात, पण ते चूक. तो किती तापलंय ते सांगतो. विशेषणाचं प्रमाण सांगणारा शब्दही ॲडव्हर्बच. हार्ड आणि हार्डली वेगवेगळे पाठ करा: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे फारसं कामच करत नाही.

राहिले आउटसाइड, इनसाइड, अप, डाउन. 'द फार्मर वेटेड आउटसाइड' यात पुढं नाम नाही, म्हणून ॲडव्हर्ब. 'आउटसाइड द जिनिंग मिल' म्हटलं की नाम आलं, तिथं प्रेपोझिशन. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, 'मिलबाहेर'. इंग्रजीत ते नामाच्या आधी शोधायचं.