घरच्या सीसीटीव्हीचं फुटेज: या चुका टाळा

मी वकील आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाइल माझ्यापुढे धरतं, "मॅडम, हा बघा पुरावा." बघते तर डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या, स्क्रीनवरून मोबाइलने केलेलं शूटिंग. काचेत ट्यूबलाइट चमकतेय, मागे कुकरची शिट्टी, कोपऱ्यातली वेळ वाचता येत नाही.

एका काकांची स्कूटर पार्किंगमधून गेली. चोराचा चेहरा स्वच्छ आला होता. काकांनी असंच शूटिंग केलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि निर्धास्त झाले. माझ्याकडे आले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. डीव्हीआरने जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढवलं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपमध्ये चेहऱ्याचा नुसता ठिपका उरला होता. त्यांचा चेहरा उतरलेला मला अजून आठवतो.

कॉपी कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा जुना पुरावा कायदा होता, पण 14 जुलै 2020 चा निकाल हेच सांगतो: मूळ उपकरण हजर करणार नसाल तर प्रमाणपत्र हवंच. म्हणून मी अशिलांना सांगते, त्याच दिवशी आधीचा-नंतरचा अर्धा तास धरून पेनड्राइव्हवर काढा, हार्डडिस्क काढून जपून ठेवा, डीव्हीआरमध्ये नवी बसवा. नव्या डिस्कचे पैसे वाचवू नका.

फुटेजमधल्या माणसाला 'चोर' म्हणून ग्रुपवर फिरवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा खटला होऊ शकतो. एका इमारतीत स्वतःच्याच मावशीचं पार्सल उचलणारा मुलगा असा चोर ठरला आणि त्याने क्लासला जाणं सोडलं. पोलिसांना द्या, बस.

दुसरं माझं कायमचं भांडण 'माझी भिंत, माझा कॅमेरा' म्हणणाऱ्यांशी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, एवढंच ते वाचून येतात. पण 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो शेजारणीलाही आहे. तिच्या बाथरूमची खिडकी मुद्दाम टिपलीत तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 पर्यंत जाऊ शकतं. पहिल्याच शिक्षेत किमान 1 वर्ष कैद आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क असतो, नको तो भाग काळा करता येतो. पाच मिनिटांचं काम, पण बसवणाऱ्याला पुढच्या घरी जायची घाई आणि मालकाला ॲप बघायची.

कॅमेऱ्यासोबत कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. घरकामाच्या मावशींना आणि भाडेकरूला कॅमेरा कुठे आहे ते सांगा.

डीव्हीआरचं घड्याळ महिन्याला तपासा. माझ्या घरचं एकदा सतरा मिनिटं मागे निघालं. तेव्हापासून दर एक तारखेला मोबाइलशी ताडून फरक वहीत लिहिते.