डबल हाइट हॉलची भिंत कमी खर्चात सजवताय? या चुका टाळा

आमच्या हॉलची सोफ्यामागची भिंत २० फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे. साताऱ्यात शाहूपुरीला घर बांधलं तेव्हा डबल हाइट, म्हणजे दोन मजल्यांएवढ्या उंच हॉलची हौस घरात सगळ्यांनाच होती. हॉल मोकळा वाटतो, उजेड भरपूर येतो, सणावाराला पन्नास माणसं सहज मावतात. पण वास्तुशांतीला आठ दिवस राहिले आणि ती पांढरी भिंत अंगावर यायला लागली. बांधकामात हातातले पैसे संपत आलेले, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली. त्या घाईत आम्ही जे केलं, त्यातलं निम्मं पुढच्या वर्षी काढून टाकावं लागलं. नंतर भावाच्या आणि नणंदेच्या नव्या घराच्या भिंतींनाही मी हात लावला. चुका तिथंही त्याच होत होत्या, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते. उंच भिंतीवर पैसे सामानाला कमी लागतात आणि उंचीला जास्त. रंगाचा डबा तोच असतो, पण तो १६ फुटांवर नेऊन लावायचा खर्च वेगळा. हे ध्यानात ठेवलं की कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, ते आपोआप कळतं.

सगळीच भिंत भरायला जाणं

आम्ही पहिल्यांदा हेच केलं. दीड बाय दोन फुटांच्या सहा फ्रेम घेतल्या आणि त्या वरपासून खालपर्यंत विखरून लावल्या. सोफ्यावर बसलं की वरच्या तीन दिसायच्याच नाहीत, आणि दारातून बघितलं तर मोठ्या पाकिटावर तिकिटं चिकटवावीत तशा दिसायच्या.

माणूस हॉलमध्ये वावरतो तो खालच्या आठ-नऊ फुटांत. सजावट तिथंच हवी. वाईला आमच्या आजोळच्या वाड्यात कोनाडे, दिवळ्या, खुंट्या सगळं हाताच्या उंचीवर होतं आणि त्याच्या वर नुसता चुना. तरी त्या खोल्या कधी उघड्या-बोडक्या वाटल्या नाहीत.

चित्रांच्या प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर. घरात सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच सोडून फ्रेमची खालची कड यावी आणि सगळ्या फ्रेम मिळून सोफ्याच्या दोन तृतीयांश रुंदीच्या दिसाव्यात. फ्रेम लहान असतील तर दोन-तीन इंचांच्या फटी ठेवून त्या एकाच गठ्ठ्यात लावा. आधी त्याच मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून मास्किंग टेपनं भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. दारातून, सोफ्यावरून आणि जिन्यावरून, तिन्हीकडून बघा. ड्रिलला हात त्यानंतरच लावायचा.

वरचा भाग मोकळा ठेवायचा, पण तो मुद्दाम मोकळा ठेवलाय हे दिसायला हवं. त्यासाठी पहिल्या मजल्याच्या स्लॅबची कड जिथं येते, त्या उंचीवर भिंतीवर एक आडवी रेघ घ्या. लाकडाची पातळ पट्टी लावा, नाहीतर नुसत्या रंगाची सीमा करा. खाली थोडा गडद रंग, वर फिकट. ही रेघ मनाला येईल त्या उंचीवर मारली तर ती तरंगल्यासारखी दिसते. स्लॅबशी जुळली की बांधकामाचाच भाग वाटते. भावाच्या घरी एवढं एकच केलंय, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या घरांत त्याचीच भिंत सगळ्यात देखणी झालीय.

ओल न बघता रंगाला हात घालणं

साताऱ्यात पश्चिमेकडची भिंत चार महिने पावसाचा मारा खाते. आमची भिंत पश्चिमेचीच. जानेवारीत रंग दिला, सुंदर दिसला. ऑगस्टमध्ये १४ फुटांवर ताटाएवढा फुगा आला. शिडी लावून वर गेले, नखानं दाबलं तर पुट्टी भिजल्या रांगोळीसारखी बोटाला आली, आणि आतल्या प्लास्टरवर पांढरा खार फुललेला. अशी जागा खाली हाताशी असती तर तासाभराचं काम होतं. त्या उंचीवर ते दोन दिवसांचं झालं.

तपासायची सोपी रीत आहे. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असले तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की बराच फरक पडतो. पावसाळ्यात ही परीक्षा जास्त खरी ठरते.

भिंतीतून येत असेल तर आतून काहीही फासू नका. पाणी बाहेरून येतंय, म्हणून दुरुस्तीही बाहेरूनच. गच्चीच्या कठड्याचा सांधा, खिडकीच्या छज्जाची वरची बाजू, बाहेरच्या प्लास्टरच्या केसासारख्या भेगा, या तीन जागा आधी बघा. उन्हाळ्यात भेगा भरून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. मग आतला खार कोरड्या ब्रशनं झाडून सिमेंटची पुट्टी करा. पीओपी नको, ते ओलीनं मऊ पडतं.

आणि कृपा करून ओल झाकायला फोमच्या विटा किंवा थ्रीडी शीट चिकटवू नका. स्वस्त मिळतात, तासाभरात लागतात, सगळ्यांना मोह होतो. नणंदेकडे वर्षानं त्या काढल्या तर मागं सगळी भिंत बुरशीनं काळी झालेली होती. त्या हॉलमध्ये तिचं दम्याचं पोर झोपत होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

परांची दोनदा बांधणं

आमचे रंगारी म्हणाले होते, "वहिनी, परांची उतरवायच्या आधी नीट आठवून घ्या. परत बांधायला परत तेवढेच पैसे." आम्ही मान डोलावली आणि चार दिवसांनी वरच्या खिडकीवर पडद्याचा रॉड लावायचा राहिल्याचं लक्षात आलं.

परांची किंवा घोडी उभी असेल तेवढ्यात वरचं एकूण एक काम उरकायचं. वरचे दिवे आणि त्यांची वायर, झुंबराचा हूक, पंखा, वरच्या खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या, रॉड, पुढे काही टांगायचं असेल तर त्याचे हूक. आज टांगायला काही नसलं तरी दोन मजबूत हूक ठोकून ठेवा. त्यांना खर्च काहीच नाही, नंतर मात्र फार कामाला येतात. का ते शेवटी सांगते.

चौरस फुटांवर हिशोब करणं

वॉलपेपर आणि पडदे, दोन्हींत माणसं इथंच फसतात.

वॉलपेपरचा नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. आमची भिंत २४० चौरस फूट. भागाकार केला तर पाच रोल पुरेसे वाटतात. पण १२ फूट रुंदीला सात पट्ट्या लागतात आणि एकेक पट्टी २० फूट, म्हणजे सहा मीटरच्या वर. एका रोलमधून अशी एकच अखंड पट्टी निघते, उरलेले जवळपास चार मीटर वाया. लागतात सात रोल. तेच नऊ फुटांवरच्या त्या आडव्या रेघेपर्यंतच लावला तर एका रोलमध्ये तीन पट्ट्या बसतात, डिझाइन जुळवायलाही कागद उरतो आणि तीन रोलमध्ये काम होतं.

पडद्यांचंही तेच. आठ फूट रुंद खिडकीला चुण्या नीट पडाव्यात म्हणून दुप्पट कापड धरलं, तर ४८ इंच पन्ह्याचे चार भाग लागतात. वरून १८ फूट सोडायचे तर दुमड धरून एका भागाला सहा मीटर, एकूण २४ मीटर. नऊ फुटांवरून सोडले तर १२-१३ मीटर. शिवाय १८ फुटांचा पडदा धुवायला काढायचा कुणी? वरच्या खिडकीला दुधी फिल्म किंवा बांबूची चिक पुरते. दुपारचं ऊन अडतं, उजेड राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा करून घेणं

फ्लेक्सवाल्याकडे कॅनव्हासवर मोठा फोटो छापून घेणं हा स्वस्तात भिंत भरण्याचा उत्तम मार्ग आहे. कासच्या फुलांचा, अजिंक्यताऱ्याचा, नाहीतर आजी-आजोबांचा. पण फोटो मोबाइलमधून मूळ स्वरूपात द्या. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो आणि चार फुटांवर छापला तरी सोफ्याच्या अंतरावरून स्वच्छ दिसतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला की १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो आणि चार फुटांवर चेहरे विरघळल्यासारखे होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दिवा भिंतीला चिकटवून लावणं

भिंतीवर वरून खाली प्रकाश सोडणारे दिवे फार छान दिसतात, पण भिंत सपाट असेल तरच. भिंतीलगतचा प्रकाश पुट्टीची प्रत्येक लाट, पट्टीचा प्रत्येक ओरखडा दाखवतो. रंगाआधी अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून धरा, दोष लगेच दिसतील. दुरुस्त करायचे नसतील तर दिवा भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब घ्या. बल्ब ३००० केल्व्हिनचा पिवळसर घ्या. पांढऱ्याफेक उजेडात एवढी मोठी भिंत दवाखान्यासारखी वाटते.

खिळ्यांबद्दल थोडक्यात: भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती) सैल होते, त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची घ्या. काचेची जड फ्रेम सोफ्याच्या वर नकोच, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक बसवून घ्या.

घरातलं सोडून बाजारात शोधणं

उंच हॉलमध्ये आवाज घुमतो, टीव्ही ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत. त्यावर जाड कापड हाच उपाय. आपल्या जिल्ह्यात, माण-खटावकडे मेंढ्या आहेत, घोंगड्या आहेत. काळ्या घोंगडीची पांढरी किनार भिंतीवर जितकी उठून दिसते तितकं कुठलंही तयार वॉल हँगिंग दिसत नाही. लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात झटका, एवढंच.

आणि साडी. सहावारी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. नऊवारी २७ फूट. सासूबाईंच्या आईचं हिरवं सुती लुगडं पेटीत घडीवर फाटायला लागलं होतं. ते जिन्यालगतच्या भिंतीवर लावायचं ठरवलं, कारण तिथं ऊन येत नाही आणि रंग उडत नाही. न कापता मधोमध बांबूवर टाकलं, दोन्ही बाजूंना साडेतेरा-साडेतेरा फूट. काठ समोर घेतला, खालच्या टोकांना सैल टाके घालून पातळ नळी ओवली म्हणजे वजनानं सरळ राहतं. खिळा किंवा टाचणी एकही नाही, गंजाचे डाग जात नाहीत. खालपासून वरपर्यंत जाणारी आमच्या हॉलमध्ये ही एकच वस्तू आहे, बाकी वरचा भाग मोकळाच आहे.

ते मघाचे दोन हूक इथं कामी आले. प्रत्येकात छोटी कप्पी अडकवली, नायलॉनची दोरी ओवली आणि झेंड्याची बांधतात तशी खाली खुंटीला बांधली, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. आता शिडीही लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईला सासूबाई स्वतः दोरी सैल करून लुगडं खाली घेतात, गॅलरीत सावलीत झटकतात, काठावरून एकदा हात फिरवतात आणि परत वर चढवतात.