जुना टाइप वन मधुमेह आहे? सी-पेप्टाइड अशी तपासून घ्या

मला टाइप वन झाला तेव्हा मी शाळेत होते, आता पन्नाशी जवळ आलीय. इतकी वर्षं इन्सुलिन टोचल्यावर स्वतःचं इन्सुलिन शरीरात अजून बनतं का, हे एका रक्ततपासणीतून कळतं. ती सी-पेप्टाइडची. सोलापुरात करून घेताना काय काय सांभाळायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, चिठ्ठीवर ‘सी-पेप्टाइड’ असंच लिहून घ्या. ‘इन्सुलिन लेव्हल’ आपल्या कामाची नाही, कारण त्यात आपण टोचलेलंही मोजलं जाऊ शकतं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. बाटलीतल्या किंवा पेनमधल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे रक्तात जे सापडेल ते आपलं स्वतःचं.

आता वेळ. जुन्या टाइप वनमध्ये उपाशीपोटी रक्त देऊ नका, डॉक्टरांना जेवणानंतरची तपासणी लिहायला सांगा. साखर खाली असली की इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशीही गप्प बसतात आणि रिपोर्ट उगाच शून्याकडे जातो. मी घरून नेहमीसारखी भाकरी, पिठलं, शेंगाचटणी खाऊन निघाले आणि दीड-दोन तासांनी रक्त दिलं. त्याच सुईतून साखरही मोजायला सांगितली. ती १४४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर सी-पेप्टाइडचा आकडा भरवशाचा. सकाळी हायपो, म्हणजे साखर फार खाली जाणं, झाला असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी जा. आणि तपासणीसाठी इन्सुलिनचा डोस मनाने चुकवू नका. त्या दिवशी किती, कधी घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

लॅबवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा: नमुना इथेच लावणार की पुण्या-मुंबईला पाठवणार? पाठवणार असतील तर रक्त मशीनमध्ये फिरवून, वरचा द्रव वेगळा करून, बर्फासारखा गोठवून पाठवतात का? साध्या नळीतलं सी-पेप्टाइड उष्णतेत टिकत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. ईडीटीए नळीत, म्हणजे रक्त साकळू न देणारं रसायन घातलेल्या नळीत, ते जास्त टिकतं. मी तर घाई नसेल तर थंडीतच करा म्हणेन. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, त्याने काही मशीनवर आकडा चुकतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, सोबतच करून घ्या. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर पडतं, मूत्रपिंड अशक्त असेल तर ते रक्तात साचतं आणि आकडा खोटाच मोठा दिसतो.

रिपोर्ट आला की आधी एकक बघा. आपल्याकडे बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिली असतं. ०.६ च्या खाली म्हणजे जुन्या टाइप वनमध्ये अपेक्षित तेच. १.८ च्या वर आणि मूत्रपिंड ठीक, तर हा टाइप वनच आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कधी कधी मोडी (MODY, एका जनुकातल्या दोषामुळे होणारा आनुवंशिक मधुमेह) किंवा दुसराच प्रकार निघतो आणि उपचारच बदलतात. मधला पट्टा डॉक्टरांनी बघून ठरवायचा.

‘मोजता येण्यापेक्षा कमी’ असं आलं तरी खचू नका. साधं मशीन फार बारीक मोजत नाही. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्राने पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त काळ इन्सुलिनवर असलेल्यांना तपासलं. २०१० साली त्यांनी छापलं की जवळपास दोन तृतीयांश लोकांत सी-पेप्टाइडचा थोडा तरी अंश होता. मरणोत्तर तपासलेल्या नऊही स्वादुपिंडांत इन्सुलिनच्या पेशी सापडल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

पण या अंशाचा अर्थ नीट समजून घ्या. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी नावाच्या टाइप वनवरच्या मोठ्या अभ्यासात ज्यांचं सी-पेप्टाइड काही प्रमाणात टिकून होतं, त्यांना गंभीर हायपो कमी झाले, डोळ्यांचा त्रासही कमी. एवढाच त्याचा आधार. इन्सुलिन बंद करण्याइतका तो कधीच नसतो. ओपीडीच्या बाकावर आया मला हळूच विचारतात, “ताई, स्वादुपिंड जागं करणारं औषध मिळतंय म्हणे, पोराची सुई सुटेल का?” नाही. कुणीही सांगो, सुई सोडवू नका. टाइप वनच्या पोराचं इन्सुलिन तोडलं तर एक-दोन दिवसांत कीटोअॅसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साचून, जिवावर बेतू शकतं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरगं तासन्‌तास हिंडणार असेल, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी खिशात ग्लुकोज हवंच.

शेवटचं काम रिपोर्ट हातात असतानाच करा. त्याच कागदावर पेनाने लिहा: किती वाजता जेवलो, काय खाल्लं, त्या वेळची साखर, क्रिएटिनिन, लॅबचं नाव. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, तशाच जेवणानंतर करा. तरच दोन आकडे शेजारी ठेवून बघता येतात.