नाळ आपोआप पडू द्या: बाळाच्या बेंबीबाबत या चुका टाळा

बाळ घरी आल्यावर पहिले दोन आठवडे सगळ्यांचे हात शिवशिवतात ते बेंबीपाशी. दोन-तीन सेंटिमीटरचा तो काळपट तुकडा बघवत नाही, मग कुणी पुसतं, कुणी काही लावतं, कुणी हलवून बघतं. नाळेला यातलं फारसं काही नको असतं. तिला हवा लागली पाहिजे, ती कोरडी राहिली पाहिजे आणि तिच्या आसपास जाणारे हात साबणाने धुतलेले पाहिजेत.

पहिल्या दिवशी नाळ पांढरट-निळसर, ओली आणि चकचकीत असते. आत दोन धमन्या आणि एक नीला, भोवती जेलीसारखा गर. नाळ कापल्यावर रक्तपुरवठा थांबतो आणि हा गर सुकायला लागतो. तुकडा आधी पिवळट-हिरवट, मग तपकिरी आणि शेवटी काळा, कडक, वाळक्या देठासारखा होतो. साधारण 5 ते 15 दिवसांत पडतो. सिझेरियनच्या किंवा कमी दिवसांच्या बाळांमध्ये थोडा उशीर होऊ शकतो. हे रंग आधीच माहीत असले तर चौथ्या दिवशी हिरवट छटा बघून कुणी घाबरणार नाही.

लोंबतेय म्हणून ओढणं

सगळ्यांत जास्त चीड येते ती या चुकीची, कारण तिचं कारण अधीरपणाशिवाय दुसरं काहीच नसतं.

प्रसंग ठरलेला असतो. नवव्या दिवशी डायपर बदलताना दिसतं की नाळ एका बाजूने सुटलीय आणि धाग्याएवढ्या जोडावर लोंबतेय. नाळेला दुखत नाही, कारण तिच्यात मज्जातंतू नसतात, हे वाचलेलं असतं आणि ते खरंही आहे. तेवढ्या भरवशावर चिमटीत धरून हलकासा पीळ दिला जातो. तुकडा हातात येतो, पाठोपाठ रक्ताचा थेंब, मग दुसरा. कापसाच्या बोळ्याने टिपतात आणि पाच सेकंदांत उचलून बघतात. अजून येतंय. पुन्हा टिपतात, पुन्हा बघतात. कापसाचे तंतू ओल्या जागेला चिकटतात आणि ते सोडवताना नुकती धरू लागलेली गुठळी निघून येते. अर्ध्या तासात चार बोळे लाल झालेले असतात, बाळ रडून लाल झालेलं असतं आणि घर दवाखान्याच्या वाटेवर असतं. तिथे नर्स गॉझची घडी बेंबीवर ठेवते, दोन बोटांनी दाबते आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं तशीच बसते. रक्त थांबतं.

असं का होतं? नाळ नुसती वाळून तुटत नाही. तिच्या बुडाशी पांढऱ्या पेशी आणि त्वचेवरचे नेहमीचे जिवाणू मिळून जोड हळूहळू विरघळवतात. शेवटचा धागा उरतो तिथे हे काम अजून चालू असतं. आपण ओढलं की न मिटलेली रक्तवाहिनी उघडी पडते आणि भरत आलेल्या जागेवर ताजी जखम होते. जंतूंनी आत शिरायला ती जागा अगदी सोयीची, कारण नाळेतली नीला थेट यकृताकडे जाते.

त्यामुळे लोंबणारी नाळ लोंबू द्यायची. एक-दोन दिवसांत कपड्यात पडलेली सापडते. आपोआप पडतानाही थेंब-दोन थेंब रक्त येतं, लंगोटावर छोटा डाग दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉझ ठेवून सलग दहा मिनिटं दाबायचं, मध्ये एकदाही उचलून बघायचं नाही. "जरा बघू थांबलं का" हा मोह झाला की दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर लगेच दवाखाना. जाताना बाळाचं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. जन्मानंतर मांडीत दिलेलं व्हिटॅमिन के, साधारणपणे 1 मिलिग्रॅम, मिळालं होतं का, हा पहिला प्रश्न असतो. ते न मिळालेल्या बाळांमध्ये दुसऱ्या ते सातव्या दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो आणि बेंबी ही त्याची एक नेहमीची जागा आहे. रक्त गोठण्याचे काही दुर्मीळ जन्मजात दोषही पहिल्यांदा इथेच दिसतात.

"काहीतरी लावलं पाहिजे"

तेल, पावडर, राख, माती, घरगुती लेप, यांतलं काहीही नाही. तेलाने नाळ मऊ आणि ओली राहते, म्हणजे वाळण्याच्या नेमकी उलट. पावडर ओलाव्यात गोळा होऊन बेंबीच्या घडीत अडकते, शिवाय बाळाच्या श्वासात जाते ते वेगळंच. राख, माती आणि शेण यांत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. नवजात बाळाला धनुर्वात झाला तर दोन दिवस नीट पिणारं बाळ तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी तोंड उघडेनासं होतं, ओढेनासं होतं, मग ताठ होऊ लागतं. हा आजार जीवघेणा आहे आणि तो नाळेवाटे शिरतो.

औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींचंही तसंच. स्पिरिट एकेकाळी सर्रास लावत. कॅनडात 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्पिरिट लावलेली नाळ पडायला सरासरी 9.8 दिवस लागले आणि काहीच न लावलेली 8.16 दिवसांत पडली. म्हणजे मेहनत करून दीड दिवस उशीर. पोव्हिडोन आयोडीनमधलं आयोडीन नवजात बाळाच्या त्वचेतून शोषलं जातं आणि थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतं, त्यामुळे घरातली जखमेची बाटली इथे आणायची नाही.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाबद्दल गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची शिफारस स्वच्छ आणि कोरड्या नाळेची आहे. जिथे नाळेला शेणासारखे घातक पदार्थ लावले जातात, फक्त तिथे पहिला आठवडा रोज 4 टक्के क्लोरहेक्सिडिन लावायला ती सांगते. ते 7.1 टक्के डायग्लुकोनेट या नावानेही मिळतं. औषध तेच, आकडा वेगळा. डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितलं तेवढंच लावा, आणि बाटली डोळ्यांच्या थेंबांपासून लांब ठेवा. डोळ्यांचं औषध समजून हे डोळ्यांत घातल्याने बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या घटना आहेत.

चिकट पिवळं दिसलं की "पू झाला"

नाळ सुटते तिथे थोडा चिकट, पिवळसर पदार्थ साचतो आणि हलका वासही येतो. वर सांगितलेल्या विरघळण्याचाच हा कचरा. एवढ्यावरून घरातलं जुनं अँटिबायोटिक मलम चोपडू नका. चिकटा फार असेल किंवा शी-शू लागली असेल तरच स्वच्छ करायचं. उकळून गार केलेल्या पाण्यात गॉझची घडी भिजवायची, पिळायची, बुडापासून बाहेरच्या दिशेने एकदा पुसायचं आणि ती घडी टाकून द्यायची. मग दुसऱ्या कोरड्या घडीने टिपायचं. घासायचं नाही. नाळेची खालची बाजू हमखास विसरली जाते आणि ओल तिथेच राहते, म्हणून नाळ बोटाने अलगद वर उचलून खालूनही टिपायचं. उचलणं आणि ओढणं यातला फरक एवढ्यात लक्षात आला असेलच. दिवसातून सहा वेळा पुसणाऱ्यांनी पाच वेळा वाचवल्या तर नाळ लवकर वाळेल.

लक्ष ठेवायचं ते भोवतालच्या त्वचेवर. बुडाशी बारीक लालसर कडा चालते. लाली पोटाच्या त्वचेवर पसरू लागली, जागा गरम, सुजलेली किंवा टणक लागली, दुर्गंधी किंवा खराखुरा पू आला, हात लावताच बाळ कळवळून रडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, अंग नेहमीपेक्षा गार लागत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही सुस्त राहत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. बेंबीचा संसर्ग पोटाच्या भिंतीत आणि रक्तात भराभर पसरतो. त्याला शिरेतून अँटिबायोटिक लागतं, तोंडी औषधाने भागत नाही. मुळात नवजात बाळाला ताप उतरवायचं औषध देऊन "सकाळी बघू" म्हणणं हीच घोडचूक.

बाकीच्या, थोडक्यात

डायपर नाळेवर चढवणं: पुढची कड खाली दुमडा, नाळ बाहेर राहू द्या. कापडी लंगोट असेल तर गाठ बाजूला मारा. मुलग्याची शू वर उडते, म्हणून लिंग खालच्या दिशेला करून डायपर लावा.

अंघोळीची भीती: पहिली अंघोळ जन्मानंतर निदान 24 तासांनी. नंतर पाणी लागलं म्हणून नाळ बिघडत नाही, ओली ठेवली तर त्रास होतो. हेअर ड्रायर अजिबात नको; बाळाची कातडी भाजते.

पोटपट्टा बांधणं, बेंबीवर नाणं ठेवणं: याने बेंबी आत जात नाही. फुगलेली बेंबी म्हणजे पोटाच्या स्नायूतलं कडं अजून मिटलेलं नाही. बहुतेक मुलांत ते चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतं. पट्ट्याखाली घाम आणि ओल मात्र नक्की साचते. फुगवटा अचानक टणक झाला, आत जाईना आणि बाळ उलट्या करत रडत असेल तर थांबू नका.

नाळेला लावलेला प्लास्टिकचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, कात्रीने किंवा नखाने उचकटणं: तो काढायला वेगळा कटर असतो. राहिला असेल तर दवाखान्यात काढून घ्या, नाहीतर नाळेबरोबर पडेल.

तीन आठवडे झाले तरी नाळ जागची हलली नाही: दाखवून घ्या. क्वचित पांढऱ्या पेशींचा दोष किंवा आतल्या बाजूचा एखादा मार्ग उघडा राहिलेला असतो.

पडल्यानंतर लक्ष काढून घेणं

नाळ पडली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बेंबीकडे बघणंच सोडतात. खाली उरलेली ओलसर जागा भरायला साधारण आठवडा जातो, तोवर कोरडं ठेवण्याचं काम तसंच चालू. त्यानंतरही लंगोटावर रोज पिवळा डाग पडत असेल तर उजेडात बेंबीच्या कडा दोन बोटांनी हलकेच फाकवून आत बघा. आत वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान, गुलाबी-लाल, ओला, मऊ गोळा दिसला तर तो बहुधा ग्रॅन्युलोमा. भरताना वाढलेल्या या मांसाला दुखत नाही. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात, कधी दोन-तीन खेपांत. हे घरी करून बघू नका, काडी बाजूच्या कातडीला लागली तर भाजतं. मिठाचा उपायही वापरतात, पण तो गोळा ग्रॅन्युलोमाच आहे हे डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावर.

सिल्व्हर नायट्रेट लावूनही गोळा बसत नसेल, तो टणक आणि गडद लाल असेल, किंवा बेंबीतून लघवीसारखं पाणी वा शीसारखं काही येत असेल, तर तिथे मूत्राशयाशी किंवा आतड्याशी जोडलेली गर्भावस्थेतली नळी उरलेली असू शकते. अशा वेळी लहान मुलांच्या सर्जनकडे जायचं. सोबत डाग पडलेला लंगोट धुवायच्या आधी तसाच पिशवीत घालून न्या. त्याचा रंग आणि वास बघून डॉक्टरांना बरंच कळतं.