गोलाच्या एका तुकड्यावर संकेत एकवटताना

स्फेरिकल हार्मॉनिक्स म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरच्या मूलभूत लहरी, आणि कोटी (डिग्री) जितकी मोठी तितकी लहर बारीक. ठरावीक कोटीपर्यंतच्याच स्फेरिकल हार्मॉनिक्सनी बनलेला संकेत (सिग्नल) गोलाच्या एका प्रदेशात पूर्णपणे कोंडता येत नाही. थोडा तरी बाहेर झिरपतोच. म्हणून प्रदेशाच्या आत जास्तीत जास्त ऊर्जा राखणारी फलने (फंक्शन्स) शोधावी लागतात. स्लेपियन, लँडाउ आणि पोलॅक यांनी १९६१ मध्ये हाच प्रश्न काळ आणि वारंवारता यांच्यासाठी सोडवला होता. गोलावरच्या अशा फलनांनाही स्लेपियन फलनेच म्हणतात.

नव्याने या विषयात येणाऱ्यांनी खंडांच्या वेड्यावाकड्या सीमांना लगेच हात घालू नये. ध्रुवाभोवतीची ३० अंश त्रिज्येची टोपी घ्यावी आणि कमाल कोटी १८ ठेवावी. एकूण हार्मॉनिक्स १९ चा वर्ग, म्हणजे ३६१. टोपी गोलाचा सुमारे ६.७ टक्के भाग व्यापते. या दोहोंचा गुणाकार सुमारे २४.२ येतो. हीच शॅनन संख्या, म्हणजे टोपीत नीट एकवटणाऱ्या फलनांची अंदाजे संख्या. प्रत्येक फलनाला एक आयगेनमूल्य असते, म्हणजे त्याच्या आतल्या ऊर्जेचे एकूण ऊर्जेशी गुणोत्तर, आणि सगळ्या आयगेनमूल्यांची बेरीजही नेमकी तेवढीच यायला हवी. माझी पहिल्या वेळी ३०४ आली, काही आयगेनमूल्ये तर १ च्या वर गेली. असे गुणोत्तर १ ओलांडूच शकत नाही. तरीही मी दोन दिवस संकलनाच्या सूत्रातच चूक शोधत बसलो. अखेर ३०४ ला २४.२ ने भागून पाहिले, तेव्हा सुमारे १२.५७, म्हणजे ४π (पायची चौपट), समोर आले. हार्मॉनिक्स भूगणितातल्या (पृथ्वीचा आकार आणि गुरुत्व मोजण्याच्या शास्त्रातल्या) प्रथेनुसार सामान्यीकृत होती, म्हणजे प्रत्येकाची एकूण ऊर्जा ४π धरलेली होती, आणि माझे सूत्र मात्र एकक ऊर्जा गृहीत धरत होते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते याच ठिकाणी विषयाचे खरे सौंदर्य दिसते. पहिली अनेक आयगेनमूल्ये १ ला इतकी चिकटलेली असतात की संगणकाला ती वेगळी ओळखता येत नाहीत, आणि मग त्यांची फलने एकमेकांत मिसळून निघतात. टोपीच्या बाबतीत मात्र ग्रुनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की याच फलनांना जन्म देणारी एक साधी त्रिकर्णी मॅट्रिक्स (फक्त मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन शेजारी कर्णांवरच संख्या असलेली सारणी) असते, जिची आयगेनमूल्ये एकमेकांपासून स्पष्ट सुटी असतात. आधी तिच्यातून फलने काढावीत आणि मग त्यांची एकवटलेली ऊर्जा मोजावी.

हे जमल्यावर ग्रीनलंड घ्यावे. पृथ्वीच्या गुरुत्वातले बदल मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या माहितीत कोटी ६० पर्यंत घेतली, तर ६१ चा वर्ग, म्हणजे ३७२१ गुणकांऐवजी सुमारे १६ स्लेपियन फलनांत त्या बर्फाचा बहुतांश संकेत मावतो. सीमेलगतचा बर्फ मात्र त्यांत कमी पकडला जातो, म्हणून प्रदेशाची कड थोडी बाहेर सरकवून गणित पुन्हा करून पाहावे.